पाण्याचे बारा

सन दोन हजार चोवीस. माझं वय सत्त्याहत्तर, आधारकार्डावर तरी तेवढंच आहे. मे महिन्यात मुलगा आणि सून मुंबईहून आली ती माझ्यासाठी घड्याळ घेऊन. काळं, चौकोनी, रबरी पट्ट्याचं. मनगटावर बांधून अर्धा तास झाला नसेल, तर ते थरथरलं.

"काय झालं याला?"

"बाबा, ते सांगतंय की तुम्ही बराच वेळ बसलात. आता उठा, जरा चाला," मुलगा म्हणाला.

पहाटेपासून मी माडांच्या आळ्यांत पाणी सोडत होतो. आत्ता कुठे ओटीवर टेकलो होतो. माझ्याच मनगटावर बसून मलाच ऊठ म्हणणारं हे कोण? काढलं आणि कोनाड्यात ठेवलं.

"म्हणजे ते जुनंच घालणार? रोज पाऊण तास मागे पडतं ते!"

"पडू दे."

"अहो, मग त्याचा उपयोग काय?"

सूनबाई मध्ये पडली. "असू दे ना. आईंच्या माहेरचं आहे ते. बाबांच्या भावना गुंतल्यात."

भावना! उपयोगाचं बोलणं चाललं होतं, आणि माझी बाजू घ्यायची म्हणून हिने मला रडूबाई करून ठेवलं. भावनेसाठी घड्याळ बांधणारा माणूस मी नाही. पण तेव्हा गप्प बसलो, कारण खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती. ती आजवर फक्त बायकोला माहीत होती. आता इथे लिहितो.

मी शाळा सोडली तिसरीत. तेव्हा पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. माझी निमकी झाली आणि बापाने गुरांमागे धाडला. पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचे पाढे, राहिली. दुसऱ्या कुठल्या गावात त्यावाचून काही अडलं नसतं. आमचं घर भाट्याच्या खाडीला लागून. इथे भरती कधी ते तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी भरतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पोरंटोरंसुद्धा चालता चालता सांगतात. मी मात्र जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचो, आणि आपल्याला ठाऊकच होतं अशी मान हलवायचो.

घड्याळ लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, चावीचं. पुढे कितीतरी वर्षांनी ते एकदा खाडीत पडलं. लांज्याला एका घड्याळजीकडे टाकलं. त्याने आतली केसासारखी बारीक कमान बदलली, आणि परत आलं ते मागे पडू लागलं. रोज पाऊण तास. मी भडकलो. त्याच्या टेबलावर घड्याळ आपटायचं ठरवून निघालो होतो. बायको दारात आडवी.

"कशाला जाताव? बरं चाललंय ते."

"बरं? पाऊण तास खातंय रोजचा!"

"मी बगतेय चार दिस. दोनी काटे डोक्यावर आले का खाडी भरलेली आसते. येक वर नि येक खाली, का सुकती."

तिला आकडे वाचता येत नव्हते. काटे तेवढे दिसायचे. मी दोन दिवस काठावर बसून पाहिलं, तर अगदी तसंच. भरती रोज पाऊण तास उशिरा येते आणि घड्याळही रोज तेवढंच मागे पडतं. मला न आलेली पाऊणकी ते आपणहून म्हणत होतं! तेव्हापासून आमच्या घरात भिंतीवरचे बारा वेगळे आणि पाण्याचे बारा वेगळे. "पाण्याचे किती झाले वो?" ती चुलीपासून विचारायची. पाण्याचे पाच म्हटलं की टोपली उचलायची. सुकतीला, म्हणजे ओहोटी तळाला गेली की, आम्ही दोघं समोरच्या वाळूच्या पट्टीवर तिसऱ्या, त्या वाळूतल्या शिंपल्या, काढायला जायचो. पंधरवड्याने एकदा भरतीला काटे जुळवून घ्यायचे, बस. ती जाऊन सहा वर्षं झाली. पट्टीवर मी अजून जातो. आता एकटाच.

तर सूनबाई म्हणाली, "बाबा, निदान पट्टा तरी बदलून आणते. पार कुजलाय." म्हटलं, आण. चावी रोज दे आणि काट्यांना हात लावू नको, एवढं बजावलं. तिसऱ्या दिवशी तिने घड्याळ माझ्या हातात दिलं. "बघा, एकदम नव्यासारखं." नवा पट्टा होता, काच पुसलेली होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी फटफटताना बघितलं, पावणेसहा. म्हणजे सुकती संपायला पाव तास. डोक्याला पंचा गुंडाळला, घड्याळ त्यात खोचलं आणि उतरलो. मधला ओहोळ मांडीपर्यंत लागला. सुकतीला तो गुडघ्याच्या वर कधी नसतो. पाणी वर चढतंय असं क्षणभर वाटलंसुद्धा. पण पंच्यातून घड्याळ काढून पाहिलं, बरोबर सहा. बावीस वर्षांत जे एकदा खोटं बोललं नाही त्याचं ऐकायचं की मांडीचं? त्या घड्याळाच्या भरवशावर मी पाण्याकडे बघायचंच सोडलं होतं, ही माझी चूक. ती कबूल करतो.

खाली मान घालून वाळू उकरत बसलो. मान वर केली तेव्हा पट्टी चटईएवढी उरली होती. परत आलो तो छातीभर पाण्यातून. टोपली गेली, तिसऱ्या गेल्या. काठावर शेजारची दोन माणसं हात द्यायला उभी.

"काय बाबा, आज चौदस ना? चौदाची पाऊणपट साडेदहा, तेव्हा भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, सव्वाचारला सुकती होऊन गेली, आणि तुम्ही आता उतरलात?"

दुसरा म्हणाला, "वय झालं रे त्यांचं. होतं असं."

चौदस मला माहीत होती. पाऊणपट माहीत नव्हती. पण ते बोलणार कसं? निथळत घरी आलो.

तोवर बातमी माझ्या आधी घरी पोचलेली. मुलगा ओटीवर उभाच. "बाबा, आजपासून खाडीत उतरायचं बंद. काही झालं असतं तर? ते नवं घड्याळ हातात असतं तर पडल्याबरोबर मला फोन आला असता!"

"तुला फोन आला असता. तू तर परवा मुंबईला जाणार. तिकडून पोहत येणार होतास?"

"चेष्टा नको. भरतीची वेळ फोनवरसुद्धा दिसते. आणि तुमच्या त्या घड्याळाचं काय घेऊन बसलात? ते तर आता बरोबर चालतंय."

"बरोबर म्हणजे?"

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, पट्ट्याबरोबर दुरुस्तही करून घेतलं. आत दुसऱ्याच घड्याळाची कमान होती म्हणे. आता मिनिटभरही मागे पडत नाही. तुम्हाला आवडेल असं वाटलं..."

"कोणाला विचारून?" माझा आवाज एवढा चढला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "कोणाला विचारून दुरुस्त केलंत? चांगलं चाललेलं घड्याळ बिघडवलंत, मला बुडवत होतात, आणि वर मीच म्हातारा!"

मग मी भरतीचं, काट्यांचं, पाण्याच्या बाराचं, सगळं सांगितलं. पाऊणकीचं सांगितलं नाही. मुलाने विचारलंच, "पण तिथीवरून काढता येतं ना? सगळे काढतात." मी म्हटलं, "सगळे काढतात म्हणून मी काढावं का?" आणि आत निघून गेलो. सूनबाई दिवसभर डोळे पुसत होती. मी तिच्याशी बोललो नाही. रात्री तिने जेवायला वाढलं आणि ताटाशेजारी दुकानाची पावती ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावती आणि घड्याळ खिशात घालून एसटीने रत्नागिरीला गेलो. घड्याळजी दुकान उघडतच होता.

"यातली जुनी कमान फेकलीस का?"

"डबीत असेल. का हो आजोबा?"

"परत बसव."

"अहो, ती चुकीची आहे. घड्याळ पुन्हा मागे पडेल."

"त्यासाठीच आलोय."

"लोक माझ्याकडे दुरुस्त करायला आणतात!"

"मग हेही दुरुस्तच कर. बिघडवलंस तू."

तो हसला. मी हसलो नाही. मग त्याने डबीतून कमान काढली आणि डोळ्याला भिंग लावलं. काम झाल्यावर भिंतीकडे बघून काटे फिरवायला गेला, तेवढ्यात घड्याळ मी त्याच्या हातातून काढून घेतलं.

येताना भाट्याचा पूल ओलांडल्यावर उतरलो आणि खाडीच्या काठाशी जाऊन उभा राहिलो. पाणी अजून आत येत होतं. सुकी काटकी टाकली, ती आत वाहत गेली. थोड्या वेळाने दुसरी टाकली. मग तिसरी. ती जागच्या जागी डुलत राहिली, तेव्हा दोन्ही काटे डोक्यावर आणले आणि चावी दिली.