कवडूच्या हाताले लागलेलं बिनलाकडाचं झाड

लिही वं रितिका, माझ्या भावाचं लिही. कवडू, तुझा मामाआजा. लकडगंजात आरा मशीनवर जिंदगी गेली त्याची. काचबिंदूनं डोळे गेले, तरी मालकानं त्याले सोडलं नाई. काहून का ट्रकातून लाकूड उतरलं का कवडू हात फिरवते, बोटानं टकटक करते अन् सांगते, हे सागवान, हा बिजा, हा साजा आतून पोकळ हाय. कधी चुकला नाई. त्या हातांवरच तो उभा होता, समज.

तर नागपंचमीच्या आधी आम्ही नागद्वारच्या जत्रेले गेलो, पचमढीच्या डोंगरात. तिथं सारे एकमेकांले भगतच म्हणतात. मी कवडूचा हात धरून चालून राहिली होती. नाल्यापाशी त्याचा पाय घसरला, अन् त्यानं बाजूच्या झाडाले मिठी मारली. तसाच उभा राह्यला.

"काय झालं गा?"

"बाई, हे कोणतं लाकूड होय?"

मी वर पाह्यलं त, माय वं! खांबासारखं सरळ झाड, एक फांदी नाई, अन् शेंड्यावर पानांची हिरवी छत्री. एकेक पान आपल्या खाटेपेक्षा लांब! मी म्हटलं, "मले काय समजते, तूच सांग."

त्यानं हात फिरवला. ओलं, काथ्यावानी. वर गळलेल्या पानांचे गोल गोल वण. टकटक केलं, आवाजच नाई. त्याचं तोंड उतरलं.

"सागवान नाई, साजा नाई, हळदू नाई. हाताले लाकूडच लागून नाई राहिलं. बाई, हात बी गेले माझे."

आमच्यातले महादेवराव लय थट्टेखोर. म्हणे, "भगत, पहिले पुरीभाजी खा, मंग झाड वळखा."

कवडू हसला नाई. चहाच्या टपरीवर बसलो, त कपाले हात लावला नाई त्यानं. म्हणे, "सोमवारी मालकाले सांगतो, दुसरा माणूस पाहा."

चहावाली प्रेमिला तिथलीच, गोंडाची बाई. तिनं ऐकलं. म्हणे, "बाबा, लकड़ी कहाँ से मिलेगी? इसमें लकड़ी होती ही नहीं."

"झाड त हाय ना?"

"झाड़ है. लकड़ी नहीं है."

तिनं पडलेल्या झाडाचा तुटका तुकडा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. आत नरम नरम गर, त्यात काळ्या वाकड्या रेघा. म्हणे, याले ना फूल, ना फळ, ना बी. पानाखाली धूळ असते, तिच्यातूनच नवं उगते. जंगलखात्याच्या सायबानं तिले सांगितलं होतं, हा झाडाएवढा वाढणारा नेचा होय, दुनियेत फुलं आली नव्हती तवापासूनचा. मी त कपाळाले हातच लावला!

कवडू हळूच म्हणे, "म्हंजे माझा हात खरं बोलून राहिला होता?"

अन् उठलाच. "चाल बाई, मले त्याच्यापाशी ने."

मंग काय सांगू! खाली लोंबलेल्या पानाचा देठ मी त्याच्या हाती दिला, कढईच्या बुडासारखा काळा. पानाखाली बारीक दाणे, छपरावानी तिरप्या ओळीत. थोडं पुढे एका बुटक्या झाडाच्या पानाले हात घातला अन् "स्स्!" करून मागे घेतला.

"हे वेगळं हाय."

"तेच त हाय गा, तशीच छत्री."

"नाई वं. याच्या देठाले काटे हायत. अन् दाणे पाह्य, खसखशीले कोणी टोपी घातल्यावानी. पहिल्या झाडाचे उघडे होते."

प्रेमिला टपरीवरूनच बोलली, "हाँ बाबा, काँटेवाला अलग है."

महादेवराव वरून वरडून राहिले, "भगत, नागद्वार पुढे हाय, इथंच दर्शन घेता का?"

"हो गा, घेऊन राहिलो!" कवडू म्हणे. "अन् मालकाले काही सांगाचं नाई आता." मंग मले म्हणे, "बाई, डोळे मिट."

मी मिटले. त्यानं माझा हात धरून नव्या कोंबावर ठेवला. नागाच्या वेटोळ्यावानी गुंडाळलेला, थंडगार, वरून भुशावानी खवले. आत एवढं मोठं पान घडी होऊन बसलं होतं. किती वेळ उभी होती, मले ठाऊक नाई. डोळे उघडाचंच भुलली मी. हस तू, पण लिही.