शकूची मागची दाढ

माझ्या मुलीच्या, शकूच्या, खालच्या जबड्यात डावीकडे एक दाढ नाही. ती मी उपटवली. दुधाची आहे, पुन्हा येईल, असे मी ठामपणे सांगितले आणि मी मास्तर म्हणून घरात कोणी काही विचारले नाही. एका माणसाने मात्र अडवले होते.

सटवामामा ताडकळसच्या बाजारात बैलांचे दात पाहून वय सांगत. बोलताना ते समोरच्याच्या तोंडातच बघत. मी शाळेवर नवा आलो तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, "अक्कलदाढ यायची हाय की अजून तुमची." माणसाला दात दोनदा कशाला, या विचाराने त्यांना पछाडले होते. शिवारात सापडलेला वासराचा जबडा त्यांनी माझ्यासमोर दगडाने फोडला. दुधाच्या दाताखाली नवा दात शेंगेतल्या दाण्यासारखा बसला होता.

"हाड वाढतंय मास्तर, दात वाढत न्हाई. लेकराच्या एवढ्याशा तोंडात थोराचे दात मावतेत का? म्हणून आदी बारके, मंग मोठे. तुमच्या किताबात काय लिव्हलंय?"

निजामाच्या राज्यातली आमची उर्दू किताबे याबाबत गप्प होती. मला ठाऊक नाही, एवढे म्हणायला माझी जीभ वळली नाही.

शकू आठ वर्षांची असताना तिची दाढ किडून गाल सुजला. मामांनी शाळेच्या ओट्यावर तिचे तोंड पाहिले. "काढू नका, ही दुधाची न्हाई. परभणीला डाक्टरला दाखवा. जबडा लांबला, मागं जागा झाली, तिथं ही आली. हिच्या आदी कोण नव्हतं, मागून बी कोण यायचं न्हाई. गुराची मागची दाढ बी अशीच."

मी चार लोकांत म्हणालो, "मामा, माझी पोर काय बाजारात आणलीय?" लोक हसले. मामा उठून गेले. त्याच आठवड्यात बाजारातल्या दात काढणाऱ्याकडून मी दाढ काढवली.

शकू रोज बोटाने हिरडी चाचपायची. "अण्णा, अजून टोचत न्हाई." दोन वर्षांत तिचे दुधाचे दात पडत गेले, नवे येत गेले. तिथे काहीच आले नाही.

शेवटी तिला घेऊन मी मामांच्या गोठ्यात गेलो. "मामा, तुमचं खरं होतं. वर लोकांत तुम्हाला हिणवलं. माफ करा."

मामांनी आधी शकूचे तोंड पाहिले. "माझं काय गेलं? मला लोक हसतेतच. दाढ हिची गेली. हिला म्हणलाव का?"

म्हणालो नव्हतो. आमच्याकडे बाप लेकीची माफी मागत नसे. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"शकू, ती दाढ आता येणार नाही. चूक माझी होती. मला माफ कर."