मेंढी शोधत आलेली बाई

फौज हडपसरच्या माळावर उतरली अशी आवई कसब्यात उठली, तेव्हा अजून धड उजाडलंही नव्हतं. आळीतली माणसं भांडी विहिरीत सोडत होती, दागिने कमरेला बांधत होती, पोरांना नावं घेऊन हाका मारत होती. मी मात्र ओलेत्याने देव्हाऱ्यापुढे उभी होते, आणि मला घोर पडला होता तो एकच, की वाटेत माझं सोवळं कसं टिकायचं! जिवाचा नव्हे, घराचा नव्हे, दिवस भरत आलेल्या सुनेचाही नव्हे. आज हे लिहिताना हसू येतं आणि हसता हसता मान खाली जाते.

माझी ओळख म्हणजे माझं सोवळं, असं तेव्हा आळीत कुणीही सांगितलं असतं. हे जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा कारकून म्हणून मोहिमेवर गेलेला. पूजेचे भटजी फौजेचं नाव ऐकताच दोन दिवस आधीच गाव सोडून पसार झालेले. तेव्हा देव माझ्याच हाती आले. बाईने पूजा करणं शास्त्रात बसत नव्हतं, पण देवाला पारोसं ठेवणं त्याहून बसत नव्हतं. माझं सोवळं कडक आणि जीभ त्याहून कडक. वाळत घातलेल्या लुगड्यावर चिमणी बसली तरी ते पुन्हा धुवायचं. सुनेचा, म्हणजे उमेचा, पदर चुकून लागला तर मी पुन्हा आंघोळ तर करायचीच, वर दिवसभर तिला बोल लावायची. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पदरी काही पडलं नाही. त्याचंही खापर मी तिच्या ओवळेपणावर फोडलं होतं. ती सगळं ऐकून घ्यायची. मला वाटायचं, सून वळणाची आहे.

शेजारच्या बापूंनी आपल्या बैलगाडीत आम्हांला जागा दिली. घाटापलीकडे माझ्या नणंदेचं गाव होतं, तिथे पोचलो की सुटलो. बिबवेवाडीची शेतं मागे पडली, ऊन चढलं, रस्ता पळणाऱ्या माणसांनी नुसता भरून गेला होता. उमा गाडीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून बसली होती. पळायच्या घाईत सकाळची पूजा राहूनच गेली होती, म्हणून मी देवांचा डबा मांडीवर धरून सूर्याकडे बघत होते. पूजा झाल्याशिवाय पाणी प्यायचं नाही हा माझा नेम, आणि माझ्यामुळे तो तिचाही. कात्रजच्या तळ्याखालचा ओढा दिसला आणि मी गाडी थांबवायला लावली.

"वहिनी, घाट चढून गेल्यावर करा की पूजा," बापू म्हणाले.

"माध्यान्ह टळेल."

"देवाला घाई नाही हो, फौजेला आहे."

"मग तुम्ही व्हा पुढे. देवाला ताटकळत ठेवून मी जीव वाचवत नसते."

गाडीत त्यांची सहा मुलं होती. बापूंनी एकदा उमेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "घाटमाथ्यावर वाट बघतो" एवढं बोलून बैलांना हाकललं. उमा निमूटपणे माझ्यामागे उतरली.

ओढ्यात बुडी मारून मी ओलेत्याने बसले. ताम्हणात देव मांडले: अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि आमच्या कुळाचा खंडोबा, चांदीचा टाक. गंध लावलं, रानफुलं वाहिली आणि घंटा वाजवली. रागाने वाजवली. पुढे गेलेल्या बापूंना ऐकू जावी म्हणून वाजवली. त्या घंटेत भक्ती किती आणि हट्ट किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक. घंटा खाली ठेवून मागे वळते तो काय, उमा करंजाच्या बुंध्याला दोन्ही हातांनी धरून गुडघ्यांवर बसलेली! पदराचा बोळा दातांत, लुगडं भिजलेलं. मला पाहून तिने तो बोळा काढला आणि म्हणाली, "सासूबाई, लांब राहा. तुम्ही सोवळ्यात आहात."

आणि मी दोन पावलं मागे सरले. सरले, खोटं कशाला लिहू? नऊ वर्षं वाट पाहिलेलं नातवंड जगायचं की मरायचं ते समोर ठरत होतं, तिच्या जिवाचंही तेच, आणि माझे पाय आपसूक मागे गेले. भानावर येऊन मी धावले, पण धावून करू काय? बाळंतपण मी कधी हाताने केलंच नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर, उंबऱ्यापलीकडे उभी राहून हुकूम सोडायचे, एवढंच मला येत होतं. वर रस्त्यावरून माणसं पळत होती, हाका मारल्या तरी कुणी थांबेना. मागे धूळ उठत होती, ती कुणाची तेही कळेना. मी टाकाकडे बघून ओरडले, "खंडेराया, अरे आता तरी ये! माझं काय व्हायचं ते होऊ दे, हिला सोडव!" जन्मभर त्याच्यापुढे हात जोडले, पण इतक्या मनापासून त्याला हाक मारली ती तेव्हाच.

तेवढ्यात झुडपं हलली आणि एक धनगरीण बाहेर आली. उंच, उन्हाने रापलेली, खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

"माझी मेंढी बघितली का कुणी? गळ्यात घंटा हाय तिच्या," असं म्हणता म्हणता तिची नजर उमेवर गेली. काठी तिथेच पडली. दोन ढांगांत ती जवळ आली, पण हात लावण्याआधी थबकली. माझ्या ओल्या वस्त्राकडे आणि मांडलेल्या देवांकडे पाहून तिने विचारलं, "शिवू का हिला, बाई?"

असलं कुणी वाटेत आलं की आयुष्यभर मी अंग चोरून उभी राहिले. "लांब हो" हे शब्द माझ्या जिभेवर तयारच असायचे. त्या दिवशी तोंडातून निघालं, "शीव ग बाई, शीव! माझी लेक आहे ती!" लेक! नऊ वर्षांत हा शब्द मी तिच्यासाठी कधी काढला नव्हता. तेवढ्या कळांतही उमेने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मग काय सांगू! त्या बाईने मला असं कामाला जुंपलं की माझ्या सासूनेही कधी जुंपलं नसेल. "मागनं धर तिला. तशी न्हवं, काखंतनं धर. रडू नगंस आता, रडाय येळ हाय फुडं." मी उमेला घट्ट मिठीत धरलं. तिचा घाम, माझं ओलं वस्त्र, ओढ्याची माती, सगळं एक झालं. माझं लक्ष फक्त त्या धनगरणीच्या हातांकडे होतं. किती वेळ गेला कळलं नाही. अखेर बाळ बाहेर आलं. निळसर, मऊ, आणि गप्प.

"थाळी हाय का? परात? काय बी वाजणारं दे, बिगी बिगी!"

न रडणाऱ्या बाळाच्या कानाशी थाळी वाजवतात, हे मलाही ठाऊक होतं. आमच्याजवळ वाजेल असं एकच भांडं होतं, ताम्हण. त्यात देव बसलेले, ओल्या गंधाने, फुलांनी सजलेले. मी देवांकडे पाहिलं. एक श्वास माझा त्यात गेला, एकच, पण तो आजही मला सलतो. धनगरणीने ओळखलं असावं. तिने घोंगडं ओढून जमिनीवर पसरलं आणि म्हणाली, "ह्यात ठिव त्यास्नी. लोकरीचं हाय. तुमच्यात लोकर चालती न्हवं?"

चालते! लोकर सोवळ्यात चालते! मी ताम्हण उचललं आणि देव घोंगड्यात ओतले. ठेवले नाहीत, सुपातले दाणे ओतावेत तसे ओतले. आणि पळीने ते ताम्हण बडवायला सुरुवात केली. ठण्, ठण्, ठण्! अन्नपूर्णा उपडी पडली, बाळकृष्ण कुठे गडगडत गेला मी पाहिलं नाही. धनगरीण बाळाची पाठ चोळत होती, बोटाने घसा मोकळा करत होती, फुंकर घालत होती. मी बडवत होते आणि ओरडत होते, "रड रे बाळा, रड!" आणि बाळ रडलं! असं रडलं की झाडावरचे कावळे उडाले. मुलगी होती. नातू व्हावा म्हणून मी सोळा सोमवार केले होते, त्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. मी त्या ओढ्याकाठी नाचले, चक्क नाचले, आणि उमा हसली की रडली ते मला आजवर कळलेलं नाही.

धनगरणीने जाळ केला, लोकर कापायची कातर त्यावर धरून नाळ कापली, बाळाला घोंगड्यात गुंडाळायला घेतलं. देव बाजूला करताना खंडोबाचा टाक तिच्या हाती लागला. "ह्यो तर आमचा बी," म्हणत तिने तो कपाळाला लावला. मग कमरेची बाजरीची भाकरी काढून उमेला दिली, मला दिली. मी खाल्ली. आणखी मागून खाल्ली!

तिच्या हाकेसरशी तिचा नवरा तट्टू घेऊन आला, आणि उमेला त्यावर बसवून आम्ही घाट चढू लागलो. "मेंढी घावली न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, "कुठली मेंढी? घंटेवाली तर कळपातच हाय, सकाळधरनं हलली न्हाई." "आन् मग सकाळधरनं मी ह्या अंगाला घंटा ऐकतीया, ती?" मी शेजारीच चालत होते. माझी घंटा वाजली ती भर दुपारी, एकदाच. सकाळी ती डब्यात फडक्यात गुंडाळलेली होती. आजही मी त्यावर वाद घालणार नाही. घाटमाथ्यावर बापू खरंच थांबले होते. त्यांची बायको ऐकून म्हणाली, बाणाईच आली, खंडेरायाची धनगरीण राणी. असेलही. मला माहीत आहे ते एवढंच, की तिच्या हातांना मेंढ्यांचा वास होता, आणि गडबडीत मी तिचं नावही विचारलं नाही.

नणंदेच्या घरी मी ही गोष्ट येईल त्याला सांगत सुटले. देव घोंगड्यात बसवले म्हणून प्रायश्चित्त घ्या, असं कुणी म्हणालं, तर मी म्हटलं, "देवांनी तक्रार केली नाही, तुम्ही त्यांची वकिली कशाला करता?" सोयर होतं, तरी मी उमेपाशीच बसायची, तिचं अंग चोळायची. मी बदलले, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्याचाही थोडा तोरा आला होता मला.

अकराव्या दिवशी सोयर फिटलं. सकाळी आंघोळ करून, ओलेत्याने, मी पूजेला निघाले. उमेच्या अंथरुणाजवळून जाताना तिने बाळाचं दुपटं झटकन आपल्याकडे ओढून घेतलं. माझ्या पायाला लागू नये म्हणून. मी थांबले.

"उमे, कळा कधी सुरू झाल्या होत्या ग?"

ती खाली बघत म्हणाली, "पहाटे. घरातच."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही सोवळ्यात होतात. गाडीत पाणी मागितलं तर रागावलात. मग म्हटलं, आधी पूजा होऊ दे."

"अग, मागे फौज होती! भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "पण फौज लांब होती."

मी पूजेचं तबक खाली ठेवलं. खंडेरायाने माझ्या सुनेला संकटातून वाचवलं असं मी गावभर सांगत होते. त्याने तिला माझ्यापासून वाचवलं होतं. मी तिथेच तिच्या अंथरुणावर बसले, ओल्या वस्त्राने, आणि तिच्यापुढे रडले, आणि तिची क्षमा मागितली. सासूने सुनेची क्षमा मागायची रीत नाही, म्हणून ती घाबरून माझे हात धरत राहिली. तो ज्या हातांनी येईल त्या हातांना "शीव" म्हणायचं, शरण जाण्यातलं मला एवढंच कळलं आहे, आणि तेवढंही त्याच्याच कृपेने. मी बाळाला मांडीवर घेतलं. त्या चिमुरडीने लगेच माझ्या धुतलेल्या वस्त्रावर शू करून ठेवली. मी लोटी भरून उमेपुढे धरली आणि म्हटलं, "पूजा व्हायची आहे अजून. तू आधी पाणी पी." तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग सगळी लोटी प्यायली.