शहर पडलं त्या दिवशी माझ्यासोबत चाललेले निवृत्तीभाऊ

मी एसी मेकॅनिक, मिरजगावचा. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून जायचो. आजही माझा विश्वास बसलाय असं म्हणवत नाही... झालं ते फक्त लिहितो.

काही वर्षांपूर्वी लिबियात एका कंपनीच्या कॅम्पवर होतो. वाळवंटाच्या कडेचं शहर — नाव मुद्दाम देत नाही. आमचे स्वयंपाकी निवृत्तीभाऊ, कोपरगावचे. लढाई शहराला भिडली तसे आठवडाभर सगळे फोन बंद. एका सकाळी तोफगोळे थेट कॅम्पवर पडले. धुरात जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. मी गेटबाहेर आलो तर निवृत्तीभाऊ रस्त्यात उभे.

"चला, हितं थांबू नका," एवढंच म्हणाले.

दुपारपर्यंत चाललो. मागे शहर पडलं होतं — चौकात रणगाडे, गाड्यांवर नवे झेंडे, हवेत गोळीबार. मला काहीच वाटत नव्हतं, भीतीसुद्धा नाही. मधेच ते म्हणाले, "काल वाऱ्यानं दारातला शेवगा मोडला. शेळी वाचली." वाटलं, उन्हानं बरळतायत.

नाक्यावर सैनिकानं पाण्याची एकच बाटली दिली. मी दोन बोटं दाखवली. त्यानं आजूबाजूला पाहिलं, मान हलवली. मीही पाहिलं. रस्ता रिकामा होता.

चार दिवसांनी निर्वासितांच्या छावणीत आमचा फोरमन भेटला. म्हणाला, "निवृत्ती पहिल्याच गोळ्यात गेला रे, किचनमध्ये. मी स्वतः चादर टाकली त्याच्यावर."

मी "बरं" म्हणालो आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

गावी आल्यावर कोपरगावला निवृत्तीभाऊंच्या घरी गेलो. दारात शेवग्याचा नुसता बुंधा. वहिनींना म्हटलं, "झाड मोडलं तेव्हा शेळी वाचली ना?"

त्या बघतच राहिल्या. "ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मोडलं. फोन तर बंद हुते... तुमाला कुनी सांगितलं?"

मग मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, चालताना लंगडत हुते का? गुडघा लई दुखायचा त्यांचा."

मी आठवून पाहिलं. "न्हाई वहिनी. पुढंच होते. मलाच गाठता येत नव्हतं."

"मग बरं," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. वहिनींनी ते विचारलंही नाही.