शेषरावनं तेहरानला विचारलं

आसेगावात रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला ‘कुठं चालले?’ असं कुणी विचारलं नाही, तर भांडण आहे असं समजतात. शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा निकाल लागेपर्यंत एकमेकांना विचारत राहतात. उत्तरही ठरलेलं असतं : ‘हे इथंच.’ मंगरूळपीरच्या दवाखान्यातून बापाचं प्रेत आणायला निघालेला माणूसही ‘हे इथंच’ म्हणतो, आणि विचारणारा ‘बरं’ म्हणतो. या प्रश्नाला उत्तर नको असतं. तू आहेस आणि मला दिसलास, एवढीच त्यातली पावती.

शेषराव खिल्लारे हा प्रश्न घेऊन तेहरानला गेला. बाकीच्या सामानात पक्कड, टेस्टर, बुद्धाचा एक फोटो आणि त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, दिलेली ठेच्याची बरणी होती. शेषराव वायरमन. आसेगावच्या बौद्धवाड्यातल्या पहिल्या दिव्याच्या खांबावर तोच चढला होता. मुंबईच्या एका एजंटानं त्याला दोन वर्षांच्या करारावर तिकडे पाठवलं, कारण तिकडे तेलाच्या पैशातून इमारती उठत होत्या आणि त्यांत तारा ओढायला माणसं कमी पडत होती. निघण्यापूर्वी तो उर्दू शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरांकडे फारसी शिकायला गेला. त्याला दोनच वाक्यं हवी होती : कुठून आले आणि कुठं चालले. मास्तर म्हणाले, रोटी-पाण्याचं तरी शिकून घे.

“रोटी-पाणी हातानं दाखवता येते, मास्तर,” शेषराव म्हणाला.

मास्तरांनी चाळीस वर्षं फारसी फक्त पुस्तकात पाहिली होती. त्यांनी शिकवलेलं वाक्य व्याकरणानं निर्दोष आणि कचेरीतून आल्यासारखं होतं : कुजा मीरवी, म्हणजे कुठं चाललास?

ते १९७६ साल होतं; निदान आसेगावात होतं. तेहरानात त्या वर्षी सरकारी हुकमानं सनच बदलला होता. अख्खा देश एका सकाळी हजारावर वर्षांनी म्हातारा झाला आणि कुणी काही बोललं नव्हतं. अशा शहरात, दक्षिणेकडच्या एका गल्लीत, शेषरावनं तळघरातली खोली घेतली. खिडकीतून फक्त पाय दिसायचे. पायांना काही विचारता येत नाही, म्हणून पहिल्याच सकाळी तो खांद्यावर तारांची पिशवी अडकवून दारात उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला.

पोस्टमननं पिशवी उघडून दाखवली. एका बाईनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. खाली वांगी होती. सूट घातलेल्या गृहस्थानं खिशातून तीन कागद काढले, तिन्ही शेषरावच्या हातात दिले आणि भिंतीला टेकून उभा राहिला. ‘हे इथंच’ कुणीच म्हणालं नाही. शेषरावला वाटलं, माणसं भली आहेत, पण यांना उत्तर देणं शिकवलेलं नाही.

चौथ्या दिवशी गल्ली समोरच्या बाजूनं चालू लागली. त्याच दिवशी रोटीच्या दुकानात त्याला पाहून रांग दुभंगली. तापल्या खड्यांवर भाजलेली हातभर लांब रोटी भट्टीवाल्यानं कागदात गुंडाळून आधी त्याला दिली. घरमालक हाजीआगानं त्याचं सामान स्वतः उचललं आणि वरच्या मजल्यावर नेलं. तिथं ऊन होतं, गालिचा होता, उत्तरेकडचा बर्फाचा डोंगर दिसत होता. भाडं तेवढंच. शेषरावनं पंचफुलाला लिहिलं की इथं मान फार आहे, पण मी कुठं चाललो हे मले अजून कोणी इचारलं नाही. महिन्याभरात कोणी इचारलं नाही, तर करार मोडून येतो. येड लागल्यावर येण्यापेक्षा आधी आलेलं बरं.

खुलासा केला अमरसिंगनं. पोहरादेवीजवळच्या तांड्यावरचा हा बंजारा ड्रायव्हर त्याच एजंटाच्या खेपेत आला होता आणि बंदरावरून ट्रक घेऊन दर गुरुवारी शहरात यायचा. गालिच्यावर बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ठेचा मागितला. मग तो शांतपणे म्हणाला, “शेषराव, लोकं तुले राजाचा माणूस समजून राह्यले. खुफिया.”

“मले? मी तं आसेगावचा आहो.”

“खुफियाबी कोन्या ना कोन्या गावचाच राह्यते. तू सकायी सकायी दारात उभा राह्यते, कुठं चालले म्हनते, अन् खांद्यावर तारा. आता यायच्या घरात कान कुठं बसवू, तेवढंच इचाराचं बाकी हाये.”

शेषरावनं विचारणं बंद केलं. त्याचा परिणाम वाईट झाला. आता गल्लीला वाटलं, याला हवं ते सगळं कळलेलं आहे. मग त्यानं उलटा उपाय केला. न विचारता तो, कामावर उचललेल्या मोडक्या फारसीत, स्वतःचंच सांगू लागला. मी रोटी आणायला चाललो. मी कामावर चाललो. मी न्हाव्याकडं चाललो. लोक लक्ष देऊन ऐकायचे. दोन दिवसांनी त्यांना मतलब कळला, आणि तेही सांगू लागले. दारात उभं राहून एकेक जण बहिणीकडे चाललो, पाचला परत येतो, असा पत्ता आणि वेळ देऊन जाऊ लागला. शेषराव खुश झाला. शेवटी माणसं बोलायला लागली, असं त्याला वाटलं. मग ती दुसऱ्यांविषयीही सांगू लागली.

हाजीआगा चहा घेऊन वर आला. तळघरात आता एक शाळामास्तर राहायला आला आहे, दुपारी उशीखाली रेडिओ ठेवून बाहेरच्या देशाच्या बातम्या ऐकतो, हे त्यानं तीन भाषांत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. सांगून झाल्यावर त्याचा चेहरा कर भरून आलेल्या माणसासारखा मोकळा झाला. शेषराव कपातल्या चहाकडे पाहत राहिला. एका माणसाचं आयुष्य आपल्याकडे कपबशीतून आलं आहे आणि ते परत करायची सोय नाही, हे त्याला कळलं.

त्याच आठवड्यात पंचफुलाचं पत्र आलं. जीपगाडी गावात येऊन राह्यली, तिनं लिहिलं होतं. नसबंदीचं टार्गेट आहे. शाळेतले गुर्जी वही घेऊन फिरते अन् गड्यायले इचारते, कुठं चालले. गडी वावरात पयून जाते. तुमचं इचारलं तं मी परदेशात म्हनलं, त्यायले खरं नाही वाटलं, कोठीत पाहून गेले. आता गावात कोणी कोणाले काही इचारत नाही. तुमी इकडं याची घाई करू नका.

शेषरावनं ते पत्र तीनदा वाचलं. मग त्याला आठवलं, की सूटवाला गृहस्थ कागद देऊन भिंतीला टेकून उभा राहिला होता. तेव्हा त्याला तो दमलेला वाटला होता.

शुक्रवारी दुपारी, गल्ली जेवायला बसलेली असताना, मास्तर ट्रंक घेऊन तळघराच्या पायऱ्या चढत होता. वरून उतरणारा शेषराव त्याच्यासमोर आला. मास्तर जागच्या जागी थिजला. शेषरावच्या तोंडात प्रश्न आला होता. चाळीस वर्षांची सवय होती. त्यानं तो गिळला, ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि नाक्यावरच्या टॅक्सीपर्यंत चालला. ट्रंक पुस्तकांनी जड होती. टॅक्सीत बसल्यावर मास्तर स्वतःहूनच म्हणाला की मावशीकडे लग्न आहे. खोटं होतं. ‘हे इथंच’सारखंच.

“बरं,” शेषराव म्हणाला.

संध्याकाळी हाजीआगानं विचारलं, मास्तर कुठं गेला. लग्नाला, शेषरावनं सांगितलं. हाजीआगा दहा दिवस वाट पाहत होता. कुणी आलं नाही, झडती झाली नाही, गल्लीतल्या कुणालाही बोलावणं आलं नाही. माणूस निसटला आणि याला कळलंसुद्धा नाही, म्हणजे हा कुणीच नाही, असा निष्कर्ष त्यानं काढला. आपण एका साध्या वायरमनला चहा पाजला, या अपमानानं तो लाल झाला. त्या दिवशी शेषरावचं सामान पुन्हा तळघरात गेलं. या वेळी ते त्याला स्वतःच उचलावं लागलं.

दुसऱ्या सकाळी तो सवयीनं थेट भट्टीपाशी गेला. रांग दुभंगली नाही. काळ्या चादरीतल्या एका म्हातारीनं मागून त्याची बाही धरून ओढली.

“कुजा, आगा?” ती खेकसली.

कुठं चालले साहेब, रांग दिसत नाही का, असा त्याचा अर्थ होता. मागची चारपाच माणसंही खवळली. एकानं त्याच्या तारांच्या पिशवीला धक्का दिला. शेषराव वळला. पंचफुलाला लिहिलेला महिना पुरा व्हायला दोन दिवस होते. म्हातारीनं बाही सोडलेली नव्हती. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले, त्यामुळे ती आणखीच भडकली.

“हे इथंच, माय,” तो म्हणाला, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.