बायचा चष्मा

बाय गेली तेव्हा मी मागच्या वाडीत मोगरा खुडत होते. तिच्या सुनेनं, स्टेलानं, बांधावरून हाक मारली. "काकी, घरी या," एवढंच ती म्हणाली आणि तिच्या आवाजावरून मला कळलं. परडी तिथेच ठेवून मी गेले. बाय खाटेवर होती, डोळे उघडेच होते. स्टेलानं ते मिटले. मनात आलं, उघडे काय आणि मिटलेले काय, गेली दोन वर्षं त्या डोळ्यांना सारखंच होतं… असा विचार त्या वेळी यायला नको होता, पण आला.

याला आता सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही. आमची घरची बोली वेगळी, ती कागदावर नीट उतरत नाही, म्हणून शाळेत शिकले त्या मराठीत लिहिते. कुणाला दाखवायचं नाही. पण एक गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही, फादरांजवळ पापं सांगायला बसले तेव्हाही नाही. ती कुठेतरी ठेवायला हवी.

बाय म्हणजे रेजिना, माझी थोरली जाऊ. लग्न होऊन नंदाखालला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते, चार माणसं दिसली की दाराआड जाणारी. बाय सातवी पास होती. आमच्या आळीतली पत्रं, औषधांच्या बाटल्या, रेशनचे कागद, सगळं तीच वाचायची. मे महिन्यात रोज संध्याकाळी आळीतल्या क्रुसाजवळ रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, तिथेही पुस्तक तिच्याच हातात. ती रहस्य, म्हणजे येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग, वाचायची आणि आम्ही सगळ्या उत्तर द्यायचो. पहिल्या वर्षी तिनं मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "तोंड उघड गं कातू. देवाला मनातलं ऐकू येत असेल, मला येत नाही." बायका हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या मागे बसायला लागले, ती कायमची. माझं वाचन सुटलं होतं, ते तिनंच पुन्हा घडवलं. दुपारी भांडी झाली की ओटीवर बसवून त्याच पुस्तकातून वाचून घ्यायची. घरात, तिच्या एकटीसमोर, मी चांगलं वाचत असे.

शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा तिला पहिला चष्मा लागला. तपकिरी काड्यांचा, जवळचं वाचायचा. सोबत एक चिठ्ठी होती, तिच्यावर छापलं होतं, दर वर्षी डोळे तपासून घ्यावेत. पुढच्या वर्षी मी आठवण केली. "काच काय झिजते का? दिसतंय की मला," बाय म्हणाली. दिसतही होतं तेव्हा. आम्हाला वाटायचं, चष्मा एकदा केला की मोडेपर्यंत तोच. काच आहे तशीच राहते आणि मागचा डोळा बदलत जातो, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. अशी सात वर्षं गेली.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. पुस्तक ती कधी लांब धरायची, कधी दिव्याशी न्यायची. दर थोड्या वेळानं चष्मा काढून लुगड्याच्या पदरानं पुसायची. तिच्या परडीत कळ्यांबरोबर उमललेली फुलंही यायला लागली. आमच्या कळ्या घेणारा फुलवाला म्हणाला, "मावशी, मी कळ्या मागितल्या होत्या, तुम्ही फुलं उधळून माझं लग्नच लावायला निघालात." बाय म्हणाली, "वाटेत उमलली, माझा काय दोष?" डाव्या बाजूच्या चौकटीवर तिचा खांदा आपटायचा, नेहमी डावाच. दंडावर काळानिळा डाग असायचा. मी विचारलं की म्हणायची, दार अरुंद आहे. पण त्या दारातून ती तीस वर्षं ये-जा करत होती.

शेवटी मीच तिला विरारला घेऊन गेले, डॉक्टरकडे नाही, स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात. दुकानदारानं फळ्यावरची अक्षरं वाचून घेतली, नंबर वाढवला. "महिनाभर लावा, सवय होईल," तो म्हणाला. दोन दिवस बाय खूश होती. मग पुन्हा पदरानं पुसणं सुरू. तीन महिन्यांनी परत गेलो, त्यानं पुन्हा काच बदलून दिली. पुढच्या वर्षी आणखी एकदा. नवी काच लावूनही धुरकट दिसत असेल तर खोट चष्म्यात नसते, तिथून उठून डॉक्टरकडे जायचं असतं. हे आता माझ्यासारखीलाही कळतं. तेव्हा आम्ही दोघी दर वेळी चष्म्याची डबी घेऊन आशेनं घरी यायचो.

दोन हजार साल लागायच्या आधीचा मे महिना. क्रुसावर बल्ब लावला होता, पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या. बाय दुःखाची रहस्यं वाचत होती, एकेक शब्द स्पष्ट, बोट ओळीवरून सरकत होतं. मी मागून सहज वाकून पाहिलं. तिच्या हातात गाण्यांचं पुस्तक होतं. दोन्ही पुस्तकांना निळीच पुठ्ठ्याची वेष्टनं होती. उघडलेल्या पानावर नाताळचं गाणं होतं, आणि बाय त्यावरून बोट फिरवत काट्यांच्या मुकुटाचं रहस्य वाचत होती. एक शब्द चुकला नाही. पान उलटायची जागा आली तेव्हा तिनं पान उलटलं.

मी काही बोलले नाही. घरी जातानाही नाही. स्वतःला सांगितलं, चार बायकांत तिची शोभा होईल. पण ते खरं नव्हतं. बायनं पुस्तक खाली ठेवलं असतं तर ते माझ्याकडे आलं असतं. शिकलेल्या मुली मुंबईला कामाला जायच्या, त्यांना यायला उशीर व्हायचा. थोरल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच उरत होते. त्या सगळ्यांसमोर वाचायचं या विचारानंच मला दाराआड जावंसं वाटायचं. म्हणून बायच वाचत राहावी असं मला वाटत होतं. तिला दिसत नसलं तरी… दुसऱ्या दिवशी निघताना मी तिच्या हातात बरोबर पुस्तक दिलं, आणि पुढे मे संपेपर्यंत रोज तेच केलं.

पाऊस संपल्यावर एकदा तिनं उकळत्या पेजेच्या टोपात हात घातला. स्टेला तिला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेली, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून कमी दिसतंय?" बाय म्हणाली, "आताच, दोन-तीन महिने." मी फरशीकडे पाहत बसले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. आधी आणलं असतं तर होती तेवढी राखता आली असती. रोज घालायला थेंब दिले. माझेही डोळे त्यांनी तपासले आणि नंबर लिहून दिला. मी लगेच चष्मा केला. तेव्हापासून दर वर्षी तपासून घेते.

पुढचा मे येईपर्यंत बायला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. एका दुपारी ओटीवर मी भाजी निवडत होते, तिनं विचारलं, "कातू, त्या दिवशी क्रुसाजवळ माझ्या हातात गाण्यांचं पुस्तक होतं ना?"

"हो."

"दुसऱ्या दिवशी तू पुस्तक आणून दिलंस तेव्हाच ओळखलं मी. वाटलं, आता बोलशील. मग वाटलं, उद्या बोलशील."

"तू का नाही बोललीस, बाय?"

"मी कशी बोलू? सगळ्या म्हणायच्या, बायसारखं कुणी वाचत नाही." तिनं चाचपत भाजीची एक काडी उचलली. "तुला वाचायची एवढी भीती होती होय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मी होकाराची मान हलवली. ते तिला दिसलं नाही.

त्यानंतर दीड वर्षानं ती मागच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. खाटेला खिळली ती उठली नाही. शेवटी शेवटी जेवणही नको म्हणायची. थेंब घालायला गेले की तोंड फिरवायची. "आता कशाला?" म्हणायची. मी बाटली परत कोनाड्यात ठेवत असे.

बायला माती दिल्यावर सात संध्याकाळी तिच्या घरात रोझरी होती. पहिल्याच दिवशी बायका तिच्या रिकाम्या खाटेसमोर बसल्या, आणि शेजारच्या मोनिकानं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "काकी, तुम्हीच घ्या. बायनं तुम्हालाच शिकवलंय." सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. स्टेलाही.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणाले.

मोनिकाला धड वाचता येत नाही. तिनं पुस्तक मिटलं आणि आठवेल तसं सुरू केलं. मंगळवार होता, मंगळवारी दुःखाची रहस्यं असतात. तिनं गौरवाचं धरलं, तेही मधेच विसरली आणि पहिल्यापासून म्हणायला लागली. कुणी अडवलं नाही. बायका उत्तर देत होत्या, त्यांच्याबरोबर मीही देत होते. पदराखाली माझ्या चष्म्याची डबी होती. ती वाजू नये म्हणून मी तिच्यावर हात ठेवून बसले होते.