झारीकाकांची पाच मडकी

आमच्या कार्यालयाच्या माळ्याला सगळे झारीकाका म्हणत. खरे नाव हजेरीपुस्तकात होते, पण त्या नावाने हाक कुणी मारली नाही. सकाळी फाटकातून शिरताना आधी त्यांची पत्र्याची झारी दिसायची, मग वाकलेली पाठ. फाटकाजवळचा मोगरा त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी लावलेला, म्हणजे मी या खुर्चीत बसण्याच्याही आधी.

त्या वर्षी शहराला दिवसाआड पाणी येऊ लागले. कार्यालयाची व्यवस्था माझ्याकडे. मी परिपत्रक काढले, बागेच्या नळाला कुलूप लावले आणि किल्ली माझ्या खणात ठेवली. झारीकाकांनी हूं की चूं केले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पुढची हिरवळ उपटायला घेतली.

"हे काय चालवलंय?" मी विचारले.

"हिरवळ म्हणजे खादाड पाहुणा, साहेब. घरच्यांनाच पुरत नसेल तेव्हा त्याला आधी वाटेला लावायचं."

वाफ्यांवर त्यांनी वाळक्या पानांचा वीतभर थर पसरला. मला तो कचरा वाटला.

महिन्याभरात शेजारच्या इमारतींची झाडे करपली. आमचा मोगरा फुलतच होता. मी वाणिज्य शाखेचा माणूस. आत काही येत नसेल तर बाहेर काही दिसता कामा नये, एवढे मला पक्के ठाऊक. एका सकाळी मोगऱ्याखालची पाने बुटाने सारून पाहिली. माती ओली होती. मी काकांना खोलीत बोलावले.

"नळाची दुसरी किल्ली कुठे आहे?"

"किल्ली नाही माझ्याकडे."

"पुन्हा विचारतो."

"पुन्हा तेच सांगतो, साहेब. नाही."

पाणी येते कुठून, हे मी विचारलेच नाही. उत्तर मी आधीच ठरवून टाकले होते.

टिपणीत मी दोन आरोप लिहिले: हिरवळीची हेळसांड आणि टंचाईच्या काळात पाण्याची चोरी. एकच माणूस झाडे वाळवतोही आणि पाणी चोरतोही, यातला विरोध माझ्या डोळ्यांत भरला नाही. झारीकाकांची बदली शहराबाहेरच्या गोदामावर झाली. जाताना झारी त्यांनी कुलूपबंद नळाखाली ठेवली.

दोन आठवड्यांनी एक बैठक संपल्यावर विसरलेला चष्मा आणायला मी दुसऱ्या मजल्यावर परत गेलो. चहाच्या मावशी टेबलावरच्या पेल्यांतले उरलेले पाणी बादलीत ओतत होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला.

"सवय झाली," त्या म्हणाल्या. "आता न्यायला कुणी नाही, तरी ओततेच."

"न्यायला म्हणजे कुठे?"

"बागेत. दिवसाला दोन-तीन बैठका. माणसं दोन घोट पितात नि उठतात. शिवाय पेले विसळलेलं पाणी, एसीच्या नळीचं पाणी. काका मागच्या जिन्यानं न्यायचे."

जिन्याने बादल्या न्यायच्या नाहीत, उरलेले पाणी वरच्या मोरीतच टाकायचे, हा नियम माझा. एकदा जिन्यात सांडलेल्या पाण्यावरून मी घसरलो होतो.

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पुढे काय विचारलं असतंत? बादली कोण भरून देतं. आणि माझं काम दर सहा महिन्यांनी तुमच्याच सहीनं चालू राहतं." त्यांनी शेवटचा पेला बादलीत रिकामा केला. "बदलीचं त्यांना काही नाही. या वयात चोर म्हणवून घ्यावं लागलं, ते लागलंय. लोक म्हणतात, झारी काकांची आणि शुक्राचार्य आमचे साहेब. मी नाही म्हणत. लोक म्हणतात."

त्यांनी मला खाली नेले आणि मोगऱ्याभोवतीची पाने बाजूला केली. गळ्यापर्यंत पुरलेली पाच मडकी, प्रत्येकावर कौलाचा तुकडा. पाणी मडक्यातून हळूहळू मुळाशी झिरपायचे, उन्हाच्या हाती थेंब लागायचा नाही. मी पाचही कौले उचलली. पाचही मडकी कोरडी ठणठणीत होती. मोगऱ्याची पाने कडेने तपकिरी पडू लागली होती.

त्याच दुपारी टिपणी मागे घ्यायला हवी होती. पण निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि एकोणतीस वर्षांत माझ्या कागदाला दुरुस्ती लागली नव्हती. 'गैरसमजातून' असे लिहिले, खोडले. 'अपुऱ्या माहितीवरून' असे लिहिले, तेही खोडले. असे आठ दिवस गेले. या दिवसांत मावशी माझ्यापुढे अर्धाच पेला ठेवू लागल्या.

"अर्धा का?"

"तुम्ही तेवढंच पिता, साहेब."

नवव्या दिवशी लिहिले: चोरी झालेली नाही, आरोप माझा होता आणि तो खोटा होता. काकांची बदली आणि बादल्यांचा नियम, दोन्ही त्याच कागदाने रद्द केले. मोठे साहेब म्हणाले, "कशाला उकरून काढता? राहिलेत किती दिवस तुमचे?"

"त्यांचेही थोडेच राहिलेत," मी म्हणालो. त्यांनी सही केली.

प्रत घेऊन मी स्वतः गोदामावर गेलो. काकांनी दारातच उभ्याने, ओळीवर बोट ठेवत कागद वाचला.

"मावशीचं नाव नाही ना यात?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी घडी करून तो खिशात ठेवला. "मोगरा कसा आहे?"

 आठ दिवस मी एक शब्द घोटत बसलो होतो. माझा नियम तसाच ठेवून मावशींचे हातही बांधून ठेवले होते. त्या मडक्यांत पेलाभर पाणी ओतावे, हे मला एकदाही सुचले नव्हते.

"वाळलाय," मी म्हणालो.

"पाणी घातलं होतं कुणी?"

"नाही."



सोमवारी काका परत आले. नखाने खोडाची साल खरवडून पाहिली, वीतभर ठेवून मोगरा छाटला आणि मडकी भरली. "मुळाशी जीव असला तर फुटेल," म्हणाले. "महिनाभर तरी बघायचं."

आज पंचवीस दिवस झाले. माझा उरलेला पेला मी रोज खाली नेतो. काका कौल उचलून धरतात, मी पाणी ओततो, ते कौल पुन्हा नीट बसवतात. माझ्याशी चांगले बोलतात. एकदाही टोचून बोललेले नाहीत. बोलले असते तर मला थोडे हलके वाटले असते. खोड अजून तसेच आहे.